शकुनाचा पीस

कुलपात चावी जाईना. मी आधी जोर केला, मग कुलपाला नावं ठेवली, मग आत बातम्या लावून बसलेल्या नवऱ्याला, आणि मग एकदाचं खाली पाहिलं तर हातात घराची चावी नव्हतीच. पिवळ्या मुठीची आखूड चावी होती, तिला कुंकू लागलेलं, आणि मुठीच्या भोकात शेवंतीची एक पाकळी अडकलेली. मेली ही इथे कशी आली? रोज मी पॅन्ट घालते, घराची चावी खिशात असते; आज आयुधपूजा म्हणून रेशमी साडी नेसले होते, तेव्हा सकाळीच चावी कनवटीला खोचली होती. तिथेच हीही खोचलेली. म्हणजे मीच खोचली असणार, माझ्या कनवटीत दुसरं कोण हात घालणार? पण कधी, ते काही केल्या आठवेना. ही आमच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या प्रेसची चावी. हिची जागा एक तर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला, नाहीतर प्रेसच्या पॅनेलमध्ये. दुपारी मी ती पॅनेलमध्ये घातली आणि फिरवली, एवढं पक्कं आठवत होतं. काढल्याचं आठवत नव्हतं. दिवेलागणीची वेळ, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत दारोदारी कोहळे फोडलेले, त्यातलं कुंकू रस्त्यावर ओघळलेलं, आणि मी स्वतःच्याच दारात चोरासारखी उभी होते.

पुरुषोत्तमांनी दार उघडलं. "अगं वसू, बेल वाजवायची की," म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या पदरावरच्या वाळलेल्या डागांकडे गेलं. फोनवर मी त्यांना अपघात झाल्याचं सांगितलं होतं, बाकी काही नाही. "काय म्हणतात डॉक्टर?" "प्रेसवरच्या पोराचा उजवा हात गेला," मी म्हटलं. "अंगठा राहिलाय. बोटं चिरडली, जोडण्यासारखं काही नव्हतं." ते खूप हळहळले. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पण तू होतीस म्हणून जीव वाचला हो त्याचा. तुमच्या मॅनेजरांचा, जयतीर्थांचा, फोन आला होता मघाशी. म्हणाले, मेडम् नसत्या तर रक्त जाऊनच संपला असता पोरगा. फार कौतुक करत होते तुझं." मी मूठ घट्ट मिटून घेतली, चावीचे दात तळव्यात रुतले, आणि आंघोळीला जाते म्हणून सटकले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी ती मूठ मी न्हाणीघरापर्यंत झाकून नेली.

अंगावर तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. पाण्याचा रंग बदलला नाही, रक्त सगळं साडीवर होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुरुषोत्तमांना पुरतं सांगितलं नव्हतं. बोटं मी ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली होती, ती पिशवी दुसऱ्या पिशवीतल्या बर्फात. बर्फ थेट लागू द्यायचा नसतो, हे मीच दर वर्षी सगळ्यांना शिकवते. बर्फ कुठून आणला, तर पूजेनंतर वाटायच्या पानकाच्या, म्हणजे गुळाच्या सरबताच्या, पिंपातून. त्या तरण्या डॉक्टरनं पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाला, पिशवी फार व्यवस्थित आणलीत मॅडम, सहसा कुणी आणत नाही. पण चिरडलेलं जोडता येत नाही. असं म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली. तरी 'फार व्यवस्थित' हे ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं होतं. एवढ्या रक्तातही मला शाबासकी हवी होती! कर्म माझं.

शाबासकीचंच तर सगळं झालं. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मोटारींच्या सीटखाली बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही प्रेसवर ठोकून काढतो. ठोकणं मशीनचं काम, आणि माझं काम म्हणजे दिवसभर नको म्हणणं. बाही मोठी नको, अंगठी नको, गाणी ऐकत काम नको, मशीन चालू असताना तेलाचं फडकं नको. मी कॅन्टीनमध्ये शिरले की हसणं बंद होतं. पाठीमागे मला हेल्मेट अक्का म्हणतात, मला ठाऊक आहे. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तोंडावर कुणी काही म्हणतच नाही. घरी येऊन मी पुरुषोत्तमांना सांगायची, मला काही त्यांच्याकडून आरती ओवाळून घ्यायची नाहीये, बोटं शाबूत ठेवून घरी गेले की मिळवली. खोटं बोलायची मी. मला आरती हवी होती. लोण्यासारखं गुळगुळीत बोलणारे ते जयतीर्थ, आमचे फॅक्टरी मॅनेजर, त्यांच्या खांद्यावर कामगार हात टाकतात, आणि माझ्या वाटेतून बाजूला होतात, याचं मला वाईट वाटायचं.

ती पिवळी चावीसुद्धा माझ्या भांडणाचीच. प्रेसच्या दोन्ही अंगांना दोन खांब असतात, त्यांच्यामधून डोळ्याला न दिसणारा प्रकाशाचा पडदा जातो. त्या पडद्यात हात गेला, बोट गेलं, की वर गेलेली प्रेस वरच थांबते. उजेडाचा पहारेकरीच म्हणा ना. आणि ही चावी फिरवली की पहारेकरी झोपतो; दुरुस्तीवाल्यांना लागते म्हणून ठेवलेली. पूर्वी ती पॅनेललाच लटकत असायची आणि घाई असली की कुणीही फिरवायचं. मी आकांडतांडव केलं. चावी माझ्या गळ्यात राहील, कुणाच्या बापाला मिळणार नाही, असं भर मीटिंगमध्ये कानडीत सांगितलं. जयतीर्थांनी हसून "सरी मेडम्, सरी" म्हणून हात जोडले होते. त्या दिवशी कारखान्यात मला एकट्या परसूनं येऊन सांगितलं, "बरं केलासा अक्का. पोटाला आल्यात माणसं, हात घालवून कसं चालंल?"

परसू निपाणीकडचा. नवा आला तेव्हा मी फोनवर मराठीत पुरुषोत्तमांना झापत होते ते त्यानं ऐकलं, आणि डोळे विस्फारून म्हणाला, "अक्का, तुमी आपल्यातल्या?" आता आम्ही इथे कधीपासून आहोत ते माझ्या पणजोबांनाही नीट सांगता यायचं नाही. आमच्या घरात थोड्याला स्वल्प आणि पुरेला साकु; स्वल्प सरका, साकु आता, असंच मराठी चालतं. ते ऐकून तो खुदखुदायचा. "तुमचं मराठी लई कानडी हाय ओ अक्का." त्या कारखान्यात माझ्याशी हसून बोलणारा तेवढा एकच. आणि त्यालाच मी पहिल्या दिवशी पडदा कसा चालतो ते दाखवलं होतं. इतरांना मी लाकडी पट्टी घालून दाखवते. त्याला मात्र, काय अंगात आलं कुणास ठाऊक, स्वतःचा हात घालून दाखवला, बांगड्यांसकट. प्रेस वरच थांबली. तो "आई गं" म्हणून मागे सरला होता. मी म्हटलं, "बघ. विश्वास ठेव. हात आत गेला की थांबतंय." मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

अंग पुसून मी देवापुढे दिवा लावायला बसले. पुरुषोत्तमांनी स्कूटर धुऊन, तिला हार घालून अंगणात उभी केली होती, चाकाखाली चिरडलेली लिंबं तशीच होती. खिडकीतून तो हार दिसत होता. मी खिडकी लावून घेतली. कारखान्यातली आयुधपूजा ही एकच गोष्ट अशी की जिच्यात माझ्या नकोला जागा नसते. मशीनं घासूनपुसून लख्ख करतात, हळदीकुंकवाची बोटं उमटवतात, आणि पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा चालवून एकच पीस काढतात. तो शकुनाचा पीस. त्याला कुंकू लावून देवीच्या तसबिरीपुढे ठेवतात, आणि मग मशीनला दसऱ्यानंतरच हात लावायचा. या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं की कोहळा अक्कांच्या हातून फोडायचा. जयतीर्थ स्वतः सांगायला आले, "मेडम्, साडी नेसून या हं, पॅन्ट बेडा." मी आरशासमोर किती वेळ घालवला ते सांगायला लाज वाटते. केसांत गजरासुद्धा माळला. शॉपमध्ये सुटे केस नको, पदर नको, असं मीच भिंतीवर लावलेलं आहे, आणि त्या भिंतीखालून मी पदर सावरत गेले. पोरं शिट्ट्या मारायची तेवढी बाकी होती. कोहळा एका फटक्यात फुटला. टाळ्या पडल्या. कुणीतरी "हेल्मेट अक्का की जय" ओरडलं, मला ऐकू जाईल असं, आणि मी हसले. खरंच, मनापासून हसले.

परसूनं आपल्या प्रेसला हार आणला होता. पहाटे मार्केटात जाऊन घेतलेला, मनगटाएवढा जाड, पिवळी आणि पांढरी शेवंती. बाकीच्यांचे हार त्याच्यापुढे किरकोळ दिसत होते. त्यानं तो प्रेसच्या कपाळावर बांधला, तसा तो पुढे लोंबकळून दोन खांबांच्या मध्ये आला. एकेक मशीन चालू होत गेलं, पीस निघत गेले, टाळ्या वाजत गेल्या. तीन नंबरची प्रेस हलेना. परसूनं पुन्हा पायपट्टी दाबली. लाल दिवा. टाळ्या थांबल्या. पूजेला मशीन चाललं नाही म्हणजे केवढा अपशकुन, वर्षभर त्याच्यावर काम करायचं त्यानं. त्याचा चेहरा एवढासा झाला. मला लगेच कळलं होतं, हार पडद्यात आलाय, एवढंच. हार वीतभर बाजूला बांधला की झालं. ते मी सांगायला तोंड उघडलं, तर एक जुना कामगार कानडीत म्हणाला, पूजेचा हार चढवल्यावर हलवायचा नसतो, उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता ही नको म्हणणार, ते त्यांच्या डोळ्यांत आधीच उमटलं होतं. त्या नजरा मला नेहमीच्या होत्या, पण त्या दिवशी माझ्या केसांत गजरा होता. मी म्हटलं, "अय्यो, एवढंच ना? असू दे हार तिथेच." आणि गळ्यातली पिवळी चावी काढून पॅनेलमध्ये घातली आणि फिरवली. प्रेस धाडकन खाली आली. पीस निघाला. केवढा गलका झाला! परसूनं तो पीस दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि माझ्या पाया पडला. एका पीसापुरतं होतं ते. लगेच चावी परत फिरवायची, इतकं साधं. पण तेवढ्यात मला बायकांनी ओढत नेलं, अक्का या, फोटो, अक्का या, केसरीभात घ्या, आणि मी गेले. कॅन्टीनमध्ये पहिल्यांदाच मी आल्यावर कुणी गप्प झालं नाही. मी दोनदा केसरीभात घेतला.

तिकडे जयतीर्थांनी, मशीन चाललंच आहे तर ट्रकसाठी राहिलेले स्वल्प पीस काढून टाक म्हणून परसूला सांगितलं होतं. पूजेच्या दिवशी! पण त्यांच्यावर ढकलून मला काय मिळणार? प्रेसच्या हादऱ्यांनी हार सुटला आणि खाली, साच्यावर घसरला. परसूचा पाय पायपट्टीवर होता. त्यानं हार वाचवायला हात घातला.

त्याची किंकाळी मला कॅन्टीनमध्ये ऐकू आली. नंतरचं मी जे केलं त्याचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंही आहे. मी धावत आले, लाल बटण दाबलं, आधी मशीन थांबवायचं आणि मगच माणसाला हात लावायचा हा पहिला धडा. पदर फाडून मनगटावर आवळला, त्याला आडवा केला, हात उंच धरून ठेवला, एकाला अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं, एकाला बर्फ आणायला. आणि अँब्युलन्समध्ये चढताना मागे वळून ओरडले, "कशाला हात लावायचा नाही कुणी! जसं आहे तसं राहिलं पाहिजे, चौकशी होईल." मोठा अपघात झाला की जागेवरची काडीही हलवायची नसते. हे सगळं मला लख्ख आठवत होतं. फक्त चावी आठवत नव्हती. देवापुढे वात पुढे करता करता ते आठवलं. बटण दाबल्यावर माझा हात परसूकडे गेला नव्हता. तो ओरडत होता, गुडघ्यावर बसलेला होता, माझ्याकडे बघत होता, आणि माझा हात पॅनेलकडे गेला, चावी फिरवून काढली, कनवटीला खोचली, आणि मग मी खाली वाकले. मशीन बंद झालेलं होतं, चावी काढून त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग एकाच माणसाला होता. आधी मी माझी चावी उचलली आणि मग माणूस. वात तशीच हातात राहिली, तेल बोटांवरून खाली आलं, आणि मी दिवा न लावताच उठले. पुरुषोत्तम म्हणाले, दमली असशील, झोप. मी झोपले असं त्यांना वाटू दिलं.

सकाळी दसरा. मी साडी नेसून, पिवळी चावी पुन्हा कनवटीला खोचून इस्पितळात जायला निघाले तोच जयतीर्थांचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. "मेडम्, तुमची तब्येत? बरं. सरकारी खात्याला मी काल फोनवर कळवलंय, पण लेखी रिपोर्ट तुम्हालाच पाठवायचाय, आजच. उद्या इन्स्पेक्टर येणार. आम्ही सकाळी प्रेस चालवून पाहिली, पडद्यात पट्टी घातली की थांबते, एकदम करेक्ट. हारही काढून टाकला, अपशकुनी मेला." मी म्हटलं, "हात लावू नका म्हटलं होतं मी." "हो हो. पण मशीन नीट आहे म्हणजे काय झालं असेल ते स्पष्टच आहे ना. पोरगा बाजूनं, पडदा चुकवून हात घालायला गेला असेल. हलगर्जी. तसंच लिहा." रस्त्यावर शेजारणीची मुलगी आपट्याची पानं घेऊन चालली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ती चावी तर नेहमी तुमच्याच गळ्यात असते ना मेडम्? सगळ्यांना माहीत आहे. आत्ताही तुमच्याकडेच आहे ना?" मी हो म्हटलं. "मग सरी," ते म्हणाले. "मग काही प्रश्नच नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हे तर दोघांच्या मनात पडलेलं होतं, आणि ते मला हात धरून त्यात घेऊन चालले होते. सगळ्यात वाईट काय, तर मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मला मोकळा श्वास आला. माझी नोकरी, माझं नाव, लोकांचं कौतुक, सगळं जागेवर राहणार होतं, आणि मला त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं. मी केलं होतं ते कालच करून ठेवलं होतं. हलगर्जी, एवढा एक शब्द परसूच्या नावापुढे लिहायचा. त्यानं त्याचं पुढचं सगळं ठरणार होतं, त्याला काम कोण देईल, लोक काय म्हणतील, तो स्वतः स्वतःला काय म्हणेल. ऑटोत बसल्यावर मी त्या शब्दाऐवजी दुसरा एखादा मऊ शब्द सापडतो का ते शोधत राहिले. 'अनवधान' सापडला. तो बरा वाटला. एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत मी त्या शब्दावर खूश होते.

परसूची बायको कावेरी रातोरात गावाकडून बसनं आली होती. लहानखुरी, डोळे सुजलेले. मला पाहून ती एकदम उठली आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. "अक्का, तुमच्या रूपानं देवच भेटला बगा. डाक्टर म्हनत्यात, त्या बाईनं मनगाट आवळलं न्हसतं तर मानूस गेला असता." मी हात सोडवून घ्यायला बघत होते आणि ती सोडत नव्हती. मग तिनं थर्मासमधली कॉफी कपात ओतून मला दिली. स्टुलावरची पिशवी उचलून मला बसायला जागा केली. परसू जागा होता. हात पांढऱ्या गाठोड्यात बांधून वर टांगलेला. चेहरा पिवळा पडलेला, तरी हसला. "अक्का, आज दसरा. सोनं न्हाई माज्याकडं द्यायला."

"गप रहा जरा," मी म्हटलं. माझा नेहमीचा झापायचा सूर लागला, त्यानं मला बरं वाटलं.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी मला हात घालून दावलं व्हतं न्हवं, पयल्या दिवशी? हात आत गेला की मिशन थांबतंय. बांगड्या व्हत्या तुमच्या हातात. म्हणून तर मी बिनघोर हात घातला बगा. हार चेपला असता न्हवं, पूजेचा हार. म्हटलं थांबल की. मग थांबलं का न्हाई?"

मी कॉफीचा घोट घेतला. जीभ पोळली. तो माझ्या उत्तराची वाट बघत नव्हता. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "रातभर मी इचार करालोय. माजंच चुकलं. मार्केटात हार घेतला तवा लई झकास वास सुटला व्हता, मी नाकाला लावून हुंगला. देवाचं फूल आधी हुंगू नये म्हनत्यात. आई सांगायची. हुंगलेला हार मी देवीला घातला अक्का. म्हणून पयल्यांदाच मिशन चालंना. देवीनं सांगून बगितलं, आमी ऐकलं न्हाई." कावेरी पदर तोंडाला लावून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "बरं झाल्यावर देवीला जाऊन नाक घासतो म्हनालेत." आणि तिनं विचारलं, मला, की असं केलं तर चालेल ना.

मी उठून बाहेर व्हरांड्यात आले, कप हातात तसाच. मी भिंतीला टेकले. इन्स्पेक्टरनं विचारलं तर हा पोरगा हेच सांगणार होता. हार हुंगला म्हणून. तो माणूस तोंडावर हसला नसता, पण 'अनवधान' हा शब्द त्याला आणखी पटला असता. आणि त्याहून वाईट म्हणजे हा गावी जाऊन देवीपुढे नाक घासणार, एका हाताचा, आणि जन्मभर फुलाच्या वासाला भिणार. माझ्या पापाचं प्रायश्चित्त तो घेणार, नाक घासून. मी फोन काढला. इंग्रजीत लिहायला लागले, कारण रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत लाजही कमी वाटते. आधी लिहिलं की चावी फिरवलेली आढळली. खोडलं. कुणाला आढळली? मग लिहिलं की पूजेच्या वेळी सेफ्टी ऑफिसरनं चावी फिरवली, परत फिरवायची राहिली, आणि अपघातानंतर तिनंच ती काढून नेली. कामगारानं हात घातला तेव्हा पडदा बंद होता, आणि पडदा चालू असतो असं त्याला तिनंच शिकवलं होतं. सेफ्टी ऑफिसर कोण, तिथे माझं नाव घातलं. खात्याच्या पत्त्यावर आणि जयतीर्थांना एकदमच पाठवलं, म्हणजे आधी कुणाला आणि मग कुणाला, असा खेळ माझ्या हाताला पुन्हा खेळता येऊ नये. फोन लगेच थरथरू लागला. मी तो कनवटीला खोचला आणि आत गेले. एवढ्यावर थांबता आलं असतं. सरकारला सांगितलं, झालं काम. पण सरकार काही माझ्या पाया पडलं नव्हतं.

स्टुलावर बसले. पिवळी चावी काढून त्याच्या पांघरुणावर ठेवली. तिच्या मुठीत ती पाकळी अजून होती.

"देवीनं काही केलं नाही परसू," मी म्हटलं. "हुंगल्यानं काही होत नाही. ही चावी फिरवली की पडदा बंद होतो, मशीनला हात दिसत नाही. काल मी फिरवली ना, तुझ्यासमोर, ते तेवढ्यासाठीच. परत फिरवायची होती लगेच. मी जेवायला गेले. आणि तुझा हात गेल्यावर, तुझ्याजवळ यायच्या आधी, मी ही काढून लपवली. तसं लिहून दिलंय मी आता."

तो चावीकडे बघत राहिला. डावा हात पुढे करून त्यानं तिला स्पर्श केला आणि काढून घेतला. माझ्या कनवटीत फोन थरथरत होता, थांबत होता, परत थरथरत होता.

"असं बोलू नका अक्का," तो शेवटी म्हणाला. "देवीचं असंल तर मी सोसतो. तिच्यासंगं कोन भांडनार? पर तुमी केलं म्हनला तर मला तुमचा राग येनार. ह्यो हात रोज डोळ्याम्होरं असनार. रोज राग येनार मला तुमचा. ते लई वाईट हाय ओ. माजं कोन हाय हितं तुमच्याबिगार? देवीनंच केलं म्हना. म्हना की अक्का."

म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. त्याला बरं वाटलं असतं, मलाही, आणि कावेरीलाही. मी नको म्हणायला शिकलेली बाई, आणि आयुष्यात एकदाच हो म्हटलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी केलं. येऊ दे राग."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कावेरी इतका वेळ पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती पुढे आली, माझ्या हातातला कप काढून घेतला, आणि त्यातली अर्धी राहिलेली कॉफी मोरीत ओतून कप विसळू लागली.